दत्तक वस्ती

विभागाच्या बैठकीत सरांनी माझ्याकडे न बघताच सांगून टाकलं, "समितीला पारध्यांच्या वस्तीवर न्यायचं. मॅडमचं माहेरच आहे तिथं. सगळं त्या बघतील."

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. मी सोलापुरातल्या एका समाजकार्य महाविद्यालयात शिकवते. कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती येणार होती आणि आम्ही गोरगरिबांत जाऊन केवढं काम करतो हे तिला दाखवायचं होतं. ती वस्ती म्हणजे माझा जन्म झाला ती जागा. मला कोणी काही विचारलं नाही. शेजारी बसलेल्या मॅडम हळूच म्हणाल्या, "किती छान! ड्युटीत माहेरपण." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. या लोकांच्या मनात कधीच काही वाईट नसतं, हेच तर माझं दुखणं आहे.

सोलापूरहून एसटीनं तासभर, मग हायवे सोडून आत चालत गेलं की एका गावाचं गायरान लागतं. त्याच्या कडेला आमची वस्ती. थोडी पत्र्याची घरं, थोडी अजून पालं. गावाला आम्ही हवे असतो ऊसतोडीला, आणि काही चोरीला गेलं की. एरवी नको असतो. माझे वडील तितर-लावे धरायचे, बार्शीच्या बाजारात विकायचे. पुढं ते बंद झालं, मग माढ्याकडं ऊस तोडायला जायचे. मला त्यांनी आश्रमशाळेत टाकलं ते शिकावं म्हणून कमी आणि दोन वेळचं खायला मिळेल म्हणून जास्त. तिथं मी मराठी शिकले. आमच्या भाषेत बोललं की हातावर पट्टी बसायची, म्हणून लवकर शिकले. मग बारावी, पदवी, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, नेट, पीएचडी. हे एका ओळीत लिहिता येतं, पण एका ओळीत झालेलं नाही.

नोकरी लागली त्या पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये एकांनी चहा पुढं करत विचारलं, "एसटीची राखीव जागा ना ही?"

म्हटलं, "हो."

"बरं झालं. फार वर्षं रिकामी होती. उमेदवारच मिळत नव्हता."

उमेदवार मिळत होते. मीच त्याआधी दोनदा त्याच जागेसाठी मुलाखत देऊन गेले होते. दोन्ही वेळा 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' असं लिहून जागा तशीच ठेवली गेली. मी चहा प्यायले. त्या चहाची चव मला अजून आठवते, इतका राग होता त्यात.

त्याच स्टाफरूममध्ये एक मॅडम होत्या. मी आत आले की त्यांची टेबलावरची पर्स मांडीवर यायची. बोलणं चालूच असायचं, हसणं चालूच असायचं, फक्त हात जायचा. त्यांना स्वतःला ते कळत नसावं. मला कळायचं. दर वेळी.

मला 'आदिवासी आणि विमुक्त जमाती' हा विषय शिकवायला दिला होता. आधीच्या प्राध्यापकांच्या नोट्स विद्यार्थ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरत होत्या. त्यात पारध्यांबद्दल होतं: व्यसनाधीन, अंधश्रद्ध, गुन्हेगारीकडे कल, शिक्षणाबाबत उदासीन. हे मीही विद्यार्थिनी असताना पेपरात लिहून आले होते. न लिहून करते काय, त्याचेच मार्क होते. शिक्षक झाल्यावर पहिल्या तासाला मी त्या नोट्स बाजूला ठेवायला सांगितल्या. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "मॅडम, पारध्यांची भाषा गुप्त असते ना?"

"गुप्त नाही. तुला येत नाही, एवढंच."

वर्ग हसला. तोही हसला. असे दिवस बरे जायचे.

पण शिकवणं हे कामाचं एक टोक झालं. आदिवासी विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती अडली, पाठवा मॅडमकडे. जातपडताळणी रखडली, मॅडम. वसतिगृहात कोणी कोणाला घालूनपाडून बोललं, मॅडम. मुली माझ्या टेबलापाशी येऊन रडायच्या आणि सर म्हणायचे, "तुमच्याशी त्यांचं जुळतं." हे काम कुठल्या वेळापत्रकात नव्हतं. शिवाय ज्या ज्या समितीवर आमच्यातला एक माणूस लागतो त्या प्रत्येक समितीवर मी. सही करायला. ठरलेलं आधीच असायचं. बढतीची वेळ आली की मात्र विचारायचे, "तुमचे शोधनिबंध कमी कसे?"

तर वस्ती. दोन वर्षांपूर्वी कॉलेजनं ती 'दत्तक' घेतली होती. रस्त्यालगत तसा फलक लावला. कॉलेजचं नाव मोठं, वस्तीचं बारीक. दत्तक घेऊन केलं काय? झाडं लावली, ती शेळ्यांनी खाल्ली. आरोग्य शिबिर घेतलं, त्यात वजनं केली. आणि मुलांच्या तुकड्या पाठवल्या क्षेत्रकार्याला. क्षेत्रकार्य म्हणजे आमच्या अभ्यासक्रमातलं वस्तीत जाऊन शिकणं. मुलं यायची, घराघरात विचारायची, दारू कोण पितं, मुलीचं लग्न कितव्या वर्षी केलं, तुरुंगात कोण जाऊन आलं. वस्तीतली माणसं उत्तरं द्यायची. नाही म्हणता येतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

समिती आली त्या दिवशी सकाळपासून वस्ती झाडून ठेवली होती. झाडली आमच्याच बायकांनी. दोन गाड्या आल्या. समितीत तिघे होते, अध्यक्ष वयस्कर, चष्मेवाले, मृदू बोलणारे. लिंबाखाली खुर्च्या मांडल्या. सरांनी माझ्या आत्याला पुढं बोलावलं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. माझी आई लवकर गेली, त्यामुळं मला तिनंच वाढवलं. तरुणपणी तिला आणि तिच्या नवऱ्याला पोलिसांनी चोरीच्या संशयावरून उचललं होतं. नवरा घरी परत आला नाही. तिच्या पाठीवर अजून व्रण आहेत. ही गोष्ट आमच्या घरात कोणी बोलत नाही. आम्हाला ती नुसती माहीत असते.

सर मोठ्यानं म्हणाले, "आजी, ते पोलिसांचं सांगा बरं पाहुण्यांना. मागं सांगितलं होतं तसं."

म्हणजे मागं सांगितलं होतं. कोणाला, कधी, मला ठाऊक नव्हतं. मी आत्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. आमच्या भाषेत तिनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ किती घालू असं विचारावं तसं, "या बारीला रडायचं का गं? मागल्या येळची मॅडम म्हनली हुती, रडलं की बरं दिसतंय म्हनून."

मला आठवतंय, मी साडीचा पदर मुठीत धरला होता. ज्या बाईनं नवरा गेल्यावरही लोकांसमोर डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही, तिला आमच्या कॉलेजनं रडायला शिकवलं होतं. आणि ते शिकली होती ती कोणासाठी? माझी भाची त्या कॉलेजात मॅडम आहे, तिचं काम अडायला नको, म्हणून.

अध्यक्षांनी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

सर घाईनं म्हणाले, "लाजतायत जरा. जुनी माणसं."

मी म्हणाले, "नाही सर, लाजत नाही. ती विचारतेय, या वेळी रडायचं आहे का. मागच्या वेळी आमच्या एका मॅडमनी तिला सांगितलं होतं की रडलं तर चांगलं दिसतं."

कुठंतरी शेळी ओरडत होती. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग आत्याला हात जोडून म्हणाले, "नका सांगू आजी. काही सांगू नका." आणि उठले. बाकीचे दोघे उठले. गाडीकडं गेले. आत्या मला विचारत राहिली, "काय चुकलं का माजं?" मी तिला काय सांगणार? मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि सरांनी गाडीतून दोनदा हॉर्न वाजवला तरी उठले नाही. संध्याकाळच्या एसटीनं घरी आले.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही संस्थेला मान खाली घालायला लावलीत."

"सर, मी फक्त भाषांतर केलं."

"हेच. तुम्ही भावनिक होता. मी समजू शकतो, तुमचाच समाज आहे. पण शिक्षकाला अंतर ठेवता आलं पाहिजे. विषयाकडं तटस्थपणे बघता आलं पाहिजे."

"मग बाकीच्या सगळ्या विषयांकडं तुम्ही तटस्थपणे बघता? ग्रामीण विकास शिकवणाऱ्या सरांची शेती आहे. त्यांना कोणी विचारलं नाही अंतर किती म्हणून."

त्यांनी हसून मान हलवली, म्हणजे बघा, पुन्हा भावनिक. पुढच्या सत्रात माझा विषय काढून घेतला. 'आदिवासी आणि विमुक्त जमाती' दिला त्या पर्सवाल्या मॅडमना. मला दिली संशोधन पद्धती. आणि आठवड्याच्या आतच त्या मॅडम माझ्या टेबलाशी आल्या, खुर्ची ओढून बसल्या. "अहो, तुमच्या नोट्स द्या ना. मला यातलं खरंच काही माहीत नाही. तुम्ही कसं, आतून ओळखता."

आतून ओळखते म्हणून काढून घेतला आणि आतून ओळखते म्हणून नोट्स मागायच्या. मी विचारलं, "मॅडम, मागच्या वेळी माझ्या आत्याला रडायला कोणी सांगितलं होतं?"

त्यांचा चेहरा पडला. "मी तसं म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं मन मोकळं करा. दाबून ठेवणं चांगलं नसतं."

नोट्स मी दिल्या नाहीत. विभागात मग मी असहकार करणारी ठरले.

त्या हिवाळ्यात, ऊस जोरात असताना, गावातल्या एका शेतकऱ्याची विहिरीवरची मोटर चोरीला गेली. सकाळीच पोलिसांनी आत्याच्या मुलाला उचललं. माझ्या या आतेभावाला मी दादा म्हणते. तो ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे. मोटर गेली तेव्हा तो कारखान्याच्या आवारात उसाची ट्रॉली घेऊन रांगेत उभा होता, आणि त्याच्या पुढं-मागं असलेल्या सगळ्या ड्रायव्हरांना ते ठाऊक होतं. पण मोटर गेली की पारधी. तिथं कोण कुठं उभा होता हे कोणी विचारत नाही.

मी वर्गात होते. वहिनीचा फोन आला, तिला नीट बोलताही येईना. "त्येनला नेलं. चहाच्या टपरीवरनंच नेलं." मी फळ्यावर अर्धवट लिहिलेलं वाक्य तसंच सोडलं. मुलांना म्हटलं, "माझ्या भावाला पोलिसांनी उचललंय. मी जाते." असं सांगायचं नसतं हे मला माहीत होतं. घरी कोणी आजारी आहे म्हणायचं असतं. मला त्या दिवशी खोटं बोलायचं नव्हतं.

ठाण्यात गेले. साडी, चष्मा, खांद्याला पर्स. हवालदारानं उठून खुर्ची दिली. "बसा की मॅडम. काय काम काडलं?"

मी दादाचं नाव सांगितलं.

"त्यो व्हय. तुमी कुठल्या संस्थेच्या?"

"मी त्याची बहीण."

हवालदारानं मला वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिलं, जणू साडीच्या आत दुसरीच कोणी बाई लपली होती. खुर्ची काढून घेतली नाही, पण बोलणं बदललं. "थांबा मग. सायेब आल्याशिवाय न्हाय काय हुनार." आतल्या खोलीतून एक आवाज आला. मला वाटलं दादाचा. खुर्चीचा आवाज असेल असं मी स्वतःला सांगितलं.

मी बाहेर येऊन सरांना फोन लावला. माझ्या आयुष्यात मी त्यांच्याकडे पहिल्यांदाच काही मागत होते.

"सर, तुम्ही ठाण्यात फक्त एक फोन करा. ही आमच्या कॉलेजची दत्तक वस्ती आहे, आम्ही इथं काम करतो, माणूस आमच्या ओळखीचा आहे, एवढंच सांगा. तुमचा फोन आला तर ते त्याला हात लावणार नाहीत."

ते म्हणाले, "मॅडम, मला तुमच्या भावना कळतात. पण ही तुमची वैयक्तिक बाब आहे. संस्थेचं नाव यात नको."

"समिती आली तेव्हा ती संस्थेची वस्ती होती सर."

"शब्दात पकडू नका. आणि तुम्ही रजेचा अर्ज न देता गेलायत, हेही लक्षात घ्या."

फोन बंद झाला. मी ठाण्याच्या बाहेर उन्हात उभी होते. समाजकार्याची तत्त्वं मी पंधरावीस बॅचेसना शिकवली होती: व्यक्तीची प्रतिष्ठा, स्वीकार, सोबत उभं राहणं. सरांनी मला शिकवली होती. ते माझेही गुरू होते कधीकाळी. त्यांच्या तासाला मी पुढच्या बाकावर बसायची आणि एक शब्दही सोडायची नाही. हे आठवलं आणि मला इतका संताप आला की मी तिथंच भिंतीला पाठ लावून खाली बसले.

दुपारच्या एसटीनं माझ्या वर्गातली मुलं आली. सहा-सात जण. पुढं एक मुलगी होती, सोलापुरातल्याच बौद्ध वस्तीतली, वडील रेल्वेत. बोलायला एकदम सडेतोड. मी म्हटलं, "तुम्ही कशाला आलात? परत जा. तुमची हजेरी जाईल."

ती म्हणाली, "मॅडम, आज आमचा क्षेत्रकार्याचाच वार आहे. वस्तीवरच यायचं होतं. वस्तीतला माणूस इथं आहे, म्हणून इथं आलो."

सगळे आत गेले आणि भिंतीजवळच्या बाकावर ओळीनं बसले. हवालदार वैतागला. "तुमी कोन? हितं काय?"

"क्षेत्रकार्याला आलोय," ती म्हणाली.

"कुटलं क्षेत्र?"

"हेच की. ठाणं. वस्तीत जाऊन आम्ही लोकांना विचारतो की, तुम्ही काय करता, कसं राहता. आज तुम्हाला विचारायचंय. या माणसाला कधी आणलं? कशावरून आणलं? घरच्यांना कळवलं का?"

"आगाव हाय ही पोरगी," हवालदार मला म्हणाला. पण त्यानंतर आतून कसला आवाज आला नाही. साहेब आले. एवढी शिकलेली पोरं बाकावर बसून आपल्याकडे टक लावून बघतायत हे त्यांना रुचलं नाही, पण हाकलताही येईना. मधे एका मुलानं ट्रॅक्टरमालकाचा नंबर शोधून काढला. मालक सकाळपासून फोन उचलत नव्हता. पोलिसांच्या भानगडीत कशाला पडा, म्हणून. मुलांनी आळीपाळीनं फोन लावून त्याला भंडावून सोडलं. शेवटी त्यानं साहेबांना सांगितलं की ड्रायव्हर रात्रभर कारखान्यावरच होता. ऊन उतरायच्या आत दादाला सोडलं.

तो बाहेर आला तेव्हा डाव्या हातानं चप्पल घालत होता. उजवा हात त्यानं सदऱ्याआड धरला होता. मी विचारलं, "मारलं?" तो म्हणाला, "न्हाय. चल." ती मुलगी माझ्याकडे बघत होती. आम्हा दोघींनाही कळलं, आणि दोघींनाही कळलं की त्याला ते आत्ता इथं सगळ्यांसमोर बोलायचं नाही. तिनं एक शब्दही विचारला नाही. मला वाटलं, हिला सगळं समाजकार्य आलं. पुस्तकात न लिहिलेलंसुद्धा.

दोन दिवसांनी त्या सगळ्या मुलांना नोटीस मिळाली. परवानगीशिवाय ठाण्यात जाऊन संस्थेची बदनामी. क्षेत्रकार्याची हजेरी रद्द. ती रद्द झाली असती तर त्यांचं वर्ष गेलं असतं. मला प्राचार्यांनी बोलावलं. खोलीत प्राचार्य, आमचे सर आणि संस्थेचे सचिव. मला बसायला सांगितलं, मी उभीच राहिले.

सचिव म्हणाले, "तुम्ही पोरांना भडकवलंत."

"मी त्यांना परत जायला सांगितलं होतं. विचारा त्यांना."

सर म्हणाले, "क्षेत्रकार्य वस्तीत करायचं असतं. ठाण्यात नाही."

"कुठं लिहिलंय सर? गरिबाच्या घरात घुसून चूल किती वेळा पेटते हे विचारलं तर अभ्यास. त्याला मारणाऱ्याला विचारलं की बदनामी. आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा अभ्यास झाला. आता कधीतरी दुसऱ्या बाजूचाही होऊ दे."

प्राचार्य मधे पडल्या. त्या वाईट बाई नाहीत, फक्त कायम थकलेल्या असतात. "मॅडम, रेकॉर्डवर काहीतरी घ्यावं लागेल. तुम्ही खेद व्यक्त करा, आम्ही मुलांचं बघतो."

"घ्या रेकॉर्डवर. सगळं घ्या. मी सरांना ठाण्यातून फोन केला, तेही घ्या. दत्तक वस्तीतल्या माणसासाठी एक फोन मागितला, आणि सर म्हणाले वैयक्तिक बाब. तेही त्याच कागदावर लिहा. मग मी खाली सही करते. माझीच सही लागते ना प्रत्येक कागदावर?"

कोणी पेन उचललं नाही. सचिवांनी सरांकडे पाहिलं. सरांनी पंख्याकडे पाहिलं. मला तेव्हा कळलं की फोनचं त्यांनी या दोघांना सांगितलंच नव्हतं. मी आणखी काही बोलले असते, भरपूर साठलं होतं, पण मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. मी बाहेर आले.

मुलांची हजेरी लागली. गाजावाजा न करता, दुसऱ्या दिवशी, जणू नोटीस कधी निघालीच नव्हती. माझा विषय परत मिळाला नाही. बढतीची मुलाखत त्या वर्षी झाली आणि माझं प्रकरण पुढं ढकललं गेलं. कारण तोंडीच सांगितलं: सहकाऱ्यांशी जुळवून घेण्यात कमी पडता. सरांशी माझं आता कामापुरतं बोलणं आहे. त्या पर्सवाल्या मॅडमनी पुढच्या तुकडीला घेऊन वस्ती गाठली, तेव्हा आत्यानं दारातनंच सांगितलं, "आमाला येळ न्हाय आज." नाही म्हणता येतं हे मी तिला सांगून आले होते. तिनं ते फार आवडीनं उचललं. आता गावच्या सरपंचालाही सांगते.

लोक विचारतात, राग गेला का? जायला तो पाहुणा नाही. तासाला जाताना, पगारपत्रकावर सही करताना, स्टाफरूमचं दार ढकलताना तो असतो. मी त्याला आवरत नाही आता. आश्रमशाळेत पट्टी खाऊन गप्प बसायला शिकले होते, ते विसरायला मला चाळीस वर्षं लागली.

यंदा आमच्याकडे एक नवी मुलगी आली, नंदुरबारकडची, भिल्ल. तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर पैसे, नाहीतर नाही. समुपदेशन शिकवते आणि फार सुरेख शिकवते. मी दाराबाहेर थांबून ऐकलंय. पहिल्या बैठकीत सर तिला म्हणाले, "आदिवासी दिनाला तुम्ही तुमच्या पारंपरिक वेशात या. मुलांना एखादं नृत्यही शिकवा."

ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. तासिकेवर असलेल्या बाईला नाही म्हणणं परवडत नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मी म्हणाले, "सर, त्या समुपदेशन शिकवतात. त्यांना त्या दिवशी त्यावर व्याख्यान द्यायला सांगा. आणि वेशाचं म्हणाल तर तुम्ही तुमच्या पारंपरिक वेशात या, मग आम्हीही बघू."

एक-दोघं हसले. सरांनी पुढचा विषय घेतला.

बैठकीनंतर ती माझ्यामागं कँटीनमध्ये आली. बराच वेळ बशीतली भजी नुसती उलटसुलट करत बसली. मग म्हणाली, "मॅडम, माझा करार पुढच्या वर्षी पुन्हा करतील का? तुम्ही बोललात त्यामुळं काही होणार नाही ना?"

"होऊ शकतं," मी खरं तेच सांगितलं. "पुढच्या वेळी आधी तुला विचारीन, मग बोलेन."

तिनं एक भजं मोडलं. मग म्हणाली, "नाही. बोला. मला नाचता येत नाही तसंही."

आम्ही दोघी इतक्या मोठ्यानं हसलो की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. मग तिनं भजी खायला घेतली आणि मला विचारलं, वसतिगृहातल्या एका मुलीची जातपडताळणी वर्षभर अडकलीय, कुठं जायचं. मी म्हटलं, उद्या दोघी जाऊ.

अर्थात तेही वेळापत्रकात नाही.